यकृतातील मेद आणि धमनीतील लाट

सातारा-सांगलीकडच्या शिक्षकांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘आमची पोरं काटकुळी, त्यांच्या यकृतात कसली आलीय चरबी?’ शाळेच्या तपासणीत वजन-उंची पाहून आपणही असेच समजतो. या समजुतीला तडा गेला तो शेजारच्या पुणे जिल्ह्यात.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण त्वचेची घडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा दिसले की स्नायू फार कमी आहेत, चरबी मात्र त्या मानाने टिकून आहे! पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिकांनी इंग्रज सहकारी युडकिन यांच्या शेजारी उभे राहून स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही शरीरभारांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्वतःलाच उदाहरण करणारे शास्त्रज्ञ आम्हाला आवडतात.

ही चरबी यकृतात साठली तर? दारू न पिणाऱ्यांचे यकृतही दारुड्याच्या यकृतासारखे बिघडते, हे अमेरिकेतील लुडविग यांनी १९८० मध्ये दाखवले. १९८३ मध्ये लठ्ठ मुलांतही ते आढळले. अशा किशोरांचा इसीजी बहुधा निर्दोष येतो, म्हणून हृदयाची चाहूल धमनीत घ्यावी लागते. इथे एक जुने भौतिकशास्त्र कामी आले. नळी जितकी ताठर, तितकी तिच्यातली लाट वेगवान, हे सूत्र मोन्स व कोर्टवेग या डच संशोधकांनी १८७८ मध्ये मांडले होते. १९२२ मध्ये ब्रॅमवेल व हिल यांनी ते माणसाच्या धमनीला लावले. मानेतील व जांघेतील ठोक्यांमधला वेळ मोजला की वेग मिळतो. धमनीच्या भिंतीची जाडी श्राव्यातीत ध्वनीने मोजण्याची रीत पिन्योली यांनी १९८६ मध्ये दिली.

यकृतात मेद असलेल्या मुलांच्या धमन्या समवयस्कांपेक्षा किंचित जाड व ताठर असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले. त्यात यकृताचा वाटा किती आणि लठ्ठपणाचा किती, हा वाद मिटलेला नाही. तरीही २०२३ मध्ये या विकाराचे नाव बदलून ते चयापचयाशी जोडले गेले. निदानाच्या कसोट्यांत कमरेचा घेर, रक्तशर्करा, रक्तातील मेद यांच्याबरोबर रक्तदाबही आला.

शाळेत यातले काय जमेल? मुलाच्या उंचीइतका दोरा घ्या, दुमडून निम्मा करा आणि कमरेभोवती धरा. टोके जुळली नाहीत, तर वजन बेताचे असले तरी रक्तदाब मोजून घ्यावा, दंडाला बसेल अशाच पट्ट्याने, आणि मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. दोऱ्याने निदान होत नाही, शंका तेवढी येते. आणि हे वर्गासमोर करू नये. मुलांना चिडवायला एवढे निमित्त पुरते.