कळा सोसण्यात कसले पुण्य?

कळा कमी व्हाव्यात म्हणून कमरेत सुई घेतली, तर बाई जन्माची कंबर धरून बसते आणि नॉर्मल व्हायचे ते सिझरवर जाते, असे धावड्यासारख्या खेड्यापासून जालन्यासारख्या शहरापर्यंत बोलले जाते. शिकलेली माणसेही तेच सांगतात. हे मत सर्वमान्य आहे; खरे मात्र नाही.

आधी कंबर. सिझर ठरले की भूलतज्ज्ञ त्याच कमरेत सुई देतात आणि घरचे मुकाट्याने सही करतात. ती सुई तर मज्जारज्जूभोवतीचे आवरण भेदून आतल्या द्रवात औषध सोडते. कळा कमी करणारी सुई, म्हणजे एपिड्युरल, त्या आवरणाबाहेरच थांबते. तिच्यातून बारीक नळी सरकवून औषध थोडे थोडे दिले जाते. ऑपरेशनला चालणारी सुई वेदनेलाच वर्ज्य का? बाळंतपणानंतर कंबर दुखते, पण सुई न घेतलेलीचीही दुखते. गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले स्नायू आणि पुरती विश्रांती होण्याआधीच मिरचीच्या तोडणीला ओणवे होणे, हे सगळे सुईच्या नावावर खपते.

सिझरचा आरोप अधिक पटण्याजोगा वाटतो, कारण तशी उदाहरणे डोळ्यांसमोर असतात. पण ज्या बाईचे बाळंतपण आधीच अडू लागलेले असते, तिच्या कळा जास्त असह्य होतात. सुई तीच मागते आणि पुढे सिझरही तिचेच होते. कारण आणि परिणाम इथे उलटे धरले जातात. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात 40 चाचण्यांतील 11 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. एपिड्युरलमुळे सिझरचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, दीर्घकाळच्या पाठदुखीचेही नाही.

तोटे आहेत, ते लपवू नयेत. रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, बाळ बाहेर येण्याचा टप्पा लांबतो, आणि साधारण शंभरात एखादीला आवरणाला छिद्र पडून तीव्र डोकेदुखी होते. बाळ ओढून काढायला चिमटा लावावा लागण्याचे प्रमाणही जुन्या, जड मात्रेच्या काळात वाढलेले होते. हल्लीच्या हलक्या मात्रेत तो फरक जवळजवळ उरत नाही.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: खेड्यात भूलतज्ज्ञ आणायचा कुठून? भूलतज्ज्ञ आणि सततची देखरेख नसेल तिथे ही सुई देऊच नये, हे मलाही मान्य आहे. पण त्यातून सोय अपुरी आहे एवढेच सिद्ध होते. गरज नाही, असे नव्हे. निरोगी स्त्रीने वेदनाशमन मागितले तर एपिड्युरल द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारस आहे. त्याच शिफारशींत मनाजोगी सोबतीण, पाठ चोळणे, चालू-फिरू देणे, हेही सांगितले आहे. त्याला भूलतज्ज्ञ लागत नाही. कळा सोसणाऱ्या बाईवर न ओरडण्याला तर काहीच लागत नाही.

कळा सोसल्याशिवाय आईपण येत नाही, या म्हणण्याला मी युक्तिवाद मानत नाही. सिझर झालेल्या आया काय कमी आया आहेत?

जिथे सिझरसाठी भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असतो, तिथे तरी ही सुई मागणाऱ्या बाईला नाकारू नये. आणि तो होकार किंवा नकार नवऱ्याने किंवा सासूने नव्हे, तर तिनेच द्यावा. आशाताईंनी सातव्या-आठव्या महिन्यातच तिला हे सांगून ठेवावे. कळा सुरू झाल्यावर समजून घ्यायला उसंत नसते.