मेटकाफ हॉलची वर्गणी

कलकत्त्यास बदली झालेल्या मराठी बंधूंनी स्ट्रँड रस्त्यावरील मेटकाफ हॉल अवश्य पाहावा. १८३६ साली स्थापन झालेल्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीत ३०० रुपये भरणारा 'मालक' होई. द्वारकानाथ टागोर पहिले. गरीब विद्यार्थ्यांसही काही काळ विनामूल्य वाचता येई, याचे आम्हांस अधिक कौतुक वाटते. १८४४ साली ग्रंथालय या वर्गणीतून उभारलेल्या वास्तूत आले. मुद्रणस्वातंत्र्य देणाऱ्या मेटकाफचे स्मारक म्हणून लोकांनी पैसा दिला. गळक्या छपराच्या डागडुजीला स्मारकाची शोभा कोठून येणार? शतकाअखेर संस्थेची रया गेली. शेवटी लॉर्ड कर्झनच्या सरकारने मालकांचे हक्क विकत घेतले, वास्तू सावरली आणि ३० जानेवारी १९०३ रोजी तेथे इम्पीरियल लायब्ररी लोकांस खुली केली. १९४८ साली तीच राष्ट्रीय ग्रंथालय झाली.