सायकल, दिवा आणि रस्ता

इ. स. १८८८ या एकाच सालीं तीन गोष्टी घडल्या. जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या, बेलफास्ट शहरीं राहणाऱ्या एका पशुवैद्यानें हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. इंग्लंडांत पार्लमेंटनें एका कायद्यान्वयें असें ठरविलें कीं, सायकल हें रस्त्यावरील वाहनच समजावें, रात्रीं तिला दिवा असावा आणि पुढील माणसास ओलांडण्यापूर्वीं घंटा वाजवावी. आणि इकडे बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचें दुकान थाटलें. यंत्र, नियम आणि सायकलस्वार हे तिघे असे एकाच सालीं आपापल्या वाटेस लागले. चौथी गोष्ट, म्हणजे रस्ता, तेवढी मागें राहिली. कोल्हापूरसारख्या शहरांतील सायकलीचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे या मागें राहिलेल्या चौथ्या गोष्टीपाशींच येऊन थांबावें लागतें.

सायकलीचा मूळ पुरुष जर्मनींतील कार्ल फॉन ड्राइस. त्यानें १८१७ सालीं मानहाइम शहरीं दोन चाकांचा लांकडी गाडा केला. त्यास पायटे नव्हते, पायांनीं जमीन मागें रेटीत पुढें जावयाचें. सन १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढील चाकास पायटे बसले. मग वेगाच्या हव्यासानें पुढचें चाक मोठें होत होत पुरुषभर उंचीस जाऊं लागलें. त्या चाकाला खडा लागला कीं वरचा स्वार डोक्यावर आदळे. यावर उपाय काढला तो कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ले यानें, १८८५ सालीं. चाकें बेताचीं, साखळी मागल्या चाकाला, आणि बैठक इतकी खालीं कीं पाय जमिनीस टेकावेत. या यंत्रास लोक ‘सुरक्षित सायकल’ म्हणूं लागले. आज जी सायकल घरोघर दिसते ती याच घराण्यांतील होय. तिच्या जन्मनांवांतच सुरक्षितता आहे.

बेळगांवच्या दुकानाची हकीकतही बोधप्रद आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतांना तेथून सायकली धाडीत आणि बंधु रामूअण्णा त्या बेळगांवीं विकीत. गिऱ्हाइकाच्या हातीं नुसतें यंत्र देऊन भागत नसे. तें चालवावयासही शिकवावें लागे. वाहन विकणाऱ्यानें वाहन चालविण्याचें शिक्षणही द्यावें, हा धडा आपल्या भागांत सायकलीबरोबरच आला होता.

बेळगांवपासून कोल्हापूर सुमारें ११० किलोमीटर. जुनें कोल्हापूर अंबाबाईचें देऊळ आणि जुना राजवाडा यांच्याभोंवतीं दाटलेलें, पायीं चालण्याच्या मापाचें गांव होतें. महाद्वार, गंगावेस, शनिवार पेठ या भागांतील वाटा पादचारी आणि बैलगाडी यांच्या हिशेबानें पडलेल्या. १८९१ सालीं मिरजेहून आगगाडी आली. १८९४ सालीं शाहू छत्रपतींच्या हातीं राज्यकारभार आला आणि पुढच्याच वर्षीं शाहूपुरीची पेठ वसली. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत राजारामपुरीसारख्या आखीव वस्त्या झाल्या. उद्यमनगरांत यंत्रांचे कारखाने उभे राहिले. आतां घर एका पेठेंत आणि काम गांवाच्या दुसऱ्या टोकास, अशी स्थिति झाली. हीं अंतरें रोज पायीं जाण्यास जास्त आणि रोज टांगा करण्यास महाग. सायकलीस मात्र तीं नेमकीं बसलीं. स्टेशनापासून देवळापर्यंतची दोन-तीन किलोमीटरांची वाट सायकल पाव तासांत काटते. पहाटे आसपासच्या खेड्यांतून दुधाच्या किटल्या अडकवून येणारा गवळी, हँडलला डबा लावून कारखान्यास निघालेला कामगार, आणि १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर सागरमाळाचा चढ चढणारा विद्यार्थी, या सर्वांचें घोडें एकच होतें.

या सायकलस्वाराची सरकारास ओळख होती ती कर आणि दंड यांच्यापुरती. महाराष्ट्रांतील अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा बिल्ला सायकलीस लावावा लागे. रात्रीं दिवा नसला तर दंड, डबलसीट बसल्यास दंड, आणि कधीं कधीं पोलीस चाकांतील हवाच सोडून देई. दिव्याची कथा तर स्वतंत्रच आहे. आधीं रॉकेलचा दिवा; मग कार्बाइडचा, ज्यांत खड्यांवर पाण्याचे थेंब पडून निघणारा वायु जळे; मग टायरला घासून फिरणारा डायनामो. या डायनामोंत एक मोठी उणीव होती. चाक थांबलें कीं दिवा विझे. म्हणजे चौकांत थांबलेल्या माणसास दिव्याची गरज सर्वांत अधिक, आणि अंधारही तेथेंच.

हे नियम वाईट नव्हते. दिव्यानें आणि घंटेनें कित्येकांचे प्राण वाचले असतील. परंतु सर्व नियमांचें तोंड सायकलस्वाराकडे होतें. रस्त्यानें त्याच्यासाठीं काय करावें, हें कोणी विचारलें नाहीं.

तोंपर्यंत मोटारी आल्या होत्या. त्यांच्यासाठीं १९१४ सालीं आणि पुन्हां १९३९ सालीं कायदे झाले. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें स्कूटरी आणि मोटारसायकली वाढत गेल्या, आणि पुणें-बंगळूर महामार्गाची अवजड रहदारी शहराच्या कडेनें धांवूं लागली. तरी सायकल गेली नाहीं. २०११ च्या जनगणनेंत देशांतील शंभरांपैकीं सुमारें पंचेचाळीस कुटुंबांत सायकल होती, आणि स्वयंचलित दुचाकी एकवीस कुटुंबांत. सायकल राहिली, तिची रस्त्यावरील जागा तेवढी गेली.

या गोष्टीचें मोल प्राणांनीं द्यावें लागतें. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. पदार्थविज्ञानाचा नियम साधा आहे: वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते. ताशीं तीसऐवजीं साठ किलोमीटरांनीं येणाऱ्या मोटारीपुढें दिवा आणि घंटा किती पुरणार?

हॉलंड देश आज सायकलींसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु तेथेंही एके काळीं मोटारींनीं सायकलींस कडेस लोटलें होतें. १९७१ सालीं तेथें रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. मुलांचे आईबाप रस्त्यावर उतरले आणि त्यांनीं सरकारास जाब विचारला. पुढें त्या देशानें सायकलींच्या वेगळ्या वाटा बांधल्या आणि वस्तींतील मोटारींचा वेग कमी केला. तेथील लोक जन्मतःच शहाणे होते असें नाहीं. मुलांच्या मरणानें ते जागे झाले.

सायकलस्वाराचें कर्तव्य याहीपुढें राहीलच. डावी बाजू सोडूं नये. वळण्यापूर्वीं मागें पाहून हात दाखवावा. उभ्या मोटारीच्या अगदीं लगत जाऊं नये, कारण दार अचानक उघडतें. डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या कुशींत शिरूं नये; चालकास तेथलें दिसत नाहीं. कोल्हापूरच्या पावसांत चाकाची कड भिजली म्हणजे ब्रेक उशिरां लागतो, म्हणून वेग आधींच आवरावा.

पण कर्तव्याचा दुसरा भाग शहराकडे आहे. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन, सायकलीसारख्या वाहनांचा व पादचाऱ्यांचा रस्त्यांवरील वावर नियंत्रित करणारे नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. हा अधिकार सायकलीस रस्त्यावरून हांकलून देण्यासाठीं वापरतां येईल, तसाच तिला निर्धास्त वाट देण्यासाठींही. शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या वाटांवर मोटारींचा वेग बांधून टाकणें आणि कावळा नाक्यासारख्या मोठ्या चौकांत सायकलीस ओलांडावयास अवसर देणें, एवढ्यापासून आरंभ करतां येईल. १८८८ च्या कायद्यानें सायकलीस वाहन म्हटलें आणि दिवा लावण्याचें ओझें तिच्यावर घातलें. तें ओझें तिनें शंभर वर्षांहून अधिक काळ वाहिलें. वाहन म्हटल्यावर तिला रस्ताही द्यावा लागतो, तें देणें अद्याप बाकी आहे.