व्हाइस सिटीची सीडी आणि अठराची अट

हा भाग घरीच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे पंख्याचा आवाज येईल. वाचणाऱ्यांना तेवढा त्रास नाही.

गेल्या महिन्यात डोंबिवलीला ताईकडे गेलो होतो. भाचा बारा वर्षांचा. मी चपला काढतोय तोवर ताईने त्याचा फोन माझ्या हातात दिला. "तू कॉम्प्युटरवाला ना, हे बीजीएमआय कायमचं बंद करून दे. सरकारने एकदा बंद केलं होतं ना? मग परत आलंच कसं?"

मी आत जाऊन बघितलं. अठराच्या आतल्या मुलांना हा गेम दिवसाला तीनच तास खेळू देतो, हे मला माहीत होतं. भाचा मात्र सुट्टीत पाच-पाच तास खेळत होता. जन्मसाल काय टाकलंस विचारलं, तर म्हणाला, "मामा, तुझंच टाकलंय. १९९७."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण ऑफिसात एका अ‍ॅपसाठी असाच फॉर्म मी स्वतः लिहिलाय. दिवस, महिना, वर्ष निवडायचं, आजच्या तारखेतून वजा करायचं, उत्तर अठरा किंवा वर आलं की पुढचं पान. मोजून चार ओळींचा कोड. खरंखोटं तपासायची एक ओळही त्यात नाही.

तर आजचा प्रश्न ताईचाच. हिंसक गेम दुकानाच्या शेल्फवरून काढून टाका, ही मागणी आपल्याकडे नेमकी कधी झाली, आणि तिचं पुढे झालं काय?

सुरुवात गेमपासून होत नाही, कॉमिक्सपासून होते. १९५०च्या दशकात अमेरिकेत भुताखेतांच्या आणि खुनाखुनीच्या कॉमिक्सवरून मोठा गदारोळ झाला. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की कॉमिक्समुळे मुलं बिघडतात. ब्रिटनने १९५५ मध्ये थेट कायदा केला. आणि पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, आपल्या संसदेनेही केला. इंग्रजी नावाचा अर्थ साधारण 'तरुण व्यक्तींसाठी हानिकारक प्रकाशने' असा. त्यात गुन्हे, हिंसा, क्रूरता, किळसवाणे प्रसंग अशा रीतीने दाखवणारी प्रकाशनं येतात, की वाचून कोवळ्या वयाचा माणूस बिघडेल. विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'तरुण व्यक्ती' म्हणजे कोण? वीस वर्षांच्या आतला. अठरा नाही, वीस!

हा कायदा वाचून मी चाटच पडलो. हिंसा हाच विषय, मूल हाच ग्राहक, शेल्फवरून जप्त करायचा अधिकार सरकारला. आपण ज्याबद्दल आज भांडतो ते सगळं त्यात आहे. फक्त त्यात पुस्तक, मासिक, पत्रक, वर्तमानपत्र आहे. गेम नाही, कारण १९५६ मध्ये तो नव्हता. आणि नंतर कुणी घातला नाही.

अमेरिकेत पुढे काय झालं ते पटकन सांगतो. १९७६ मध्ये 'डेथ रेस' नावाचं आर्केड मशीन आलं, गाडीखाली माणसांसारख्या आकृत्या चिरडायचा गेम, त्यावर पहिला मोठा आरडाओरडा. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'वरून सिनेटमध्ये सुनावण्या, आणि त्या दबावाखाली १९९४ मध्ये गेम कंपन्यांनी स्वतःच वयाचे शिक्के सुरू केले. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये अठराखालच्यांना हिंसक गेम विकायला बंदी घातली. २०११ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. गेम हे पुस्तकासारखंच अभिव्यक्तीचं माध्यम, असं कोर्ट म्हणालं. कुणाला पटो न पटो, तिथे प्रश्न सरळ विचारला गेला आणि उत्तर मिळालं.

आपल्याकडे तो सरळ कधी विचारलाच गेला नाही, असं माझं म्हणणं आहे. शेल्फ मात्र पुन्हा पुन्हा रिकामं झालं.

कल्याणला माझ्या मामाच्या घराजवळ एक पार्लर होतं. बाहेर पडदा, आत अंधार, चार मशीन. रुपयाचं नाणं टाकायचं. सगळ्यात गर्दी 'मुस्तफा'ला. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉम कंपनीचा १९९३चा गेम, पण त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा असल्याने भारतभर गेमचं तेच नाव पडलं. दाणादाण मारामारी. आई म्हणायची तिथे जायचं नाही. मला वाटायचं मारामारीमुळे. तसं नव्हतं, तिथे पैसे लावून पण खेळतात अशी बोलवा होती, तिची भीती ती होती.

आणि कायद्याची भीतीपण तीच. सरकार व्हिडिओ गेमच्या मशीनवर करमणूक शुल्क घेत असे, पार्लरला परवाना लागे. १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की व्हिडिओ गेमच्या धंद्यावर सरकार परवान्याचं बंधन घालू शकतं. पण वादाचा गाभा काय होता? हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, म्हणजे जुगार की नाही. पडद्यावर कोण कुणाला ठोसे मारतंय, हा मुद्दा नव्हता.

मग सीडी आल्या. हा भाग मला जवळचा आहे, जरा थांबतो.

२००८च्या आसपास मी पाचवी-सहावीत. डोंबिवली स्टेशनच्या बाहेर एका गल्लीत एक दुकान होतं, तीन बाय सहा फुटांचं असेल. पुढे मोबाइलची कव्हर, मागे भिंतभर सीडी, प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, वर रंगीत झेरॉक्स केलेलं कव्हर. 'जीटीए व्हाइस सिटी' पन्नास रुपये, घासाघीस केली तर चाळीस. त्या झेरॉक्समध्ये मूळ डब्यावरचा वयाचा शिक्काही छापून आलेला असायचा, जरा तिरका, जरा पुसट. मी अकरा वर्षांचा होतो. काकांनी विचारलं ते एवढंच: "ग्राफिक कार्ड आहे का?" माझ्या आयुष्यातली एकमेव वयाची चौकशी म्हणा हवं तर.

त्याच सुमारास ठाण्यात एका मॉलमधल्या दुकानात अस्सल डबे दिसायचे, चकचकीत, युरोपातल्या मानांकनाचा १८ आकडा असलेले. किंमत आमच्या आवाक्याबाहेर. म्हणजे जिथे शिक्का होता तिथे मुलांकडे पैसे नव्हते, आणि जिथे मुलं होती तिथे शिक्क्याला अर्थ नव्हता. हा आकडा भारतात कायद्याने कुणावरच बंधनकारक नव्हता, ही गोष्ट मला फार नंतर कळली. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, १९५२च्या कायद्याने 'ए' सर्टिफिकेट आहे, थिएटरवाला अडवतो. गेमला असं काहीच नाही.

एक गंमत सांगतो. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट ३' भारतात आणणार नाही असं जाहीर केलं. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं, तपशील दिला नाही. लोकांनी अंदाज बांधला की गेममध्ये दोन तोंडांच्या गाई आहेत आणि त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात, म्हणून. गेममध्ये माणसांची डोकी उडतात, त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

तर ते गल्लीतलं दुकान एक दिवस बंद दिसलं. शेजारचा पानवाला म्हणाला, पोलीस आले, सगळा माल पोत्यात भरून नेला. मी घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, बरं झालं, मुलं बिघडत होती. पण छापा कॉपीराइटसाठी होता. सीडी हिंसक होत्या म्हणून नाही, नकली होत्या म्हणून गेल्या.

आता २०१९. पबजी. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे जगलंय, त्यामुळे ओळख करून देत नाही. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावे, आईमार्फत, जनहित याचिका दाखल झाली: पबजी हिंसा शिकवतो, बंद करा. याचिकाकर्ता स्वतः गेमच्या वयाचा! इतक्या थेटपणे हा प्रश्न आपल्या कोर्टात याआधी आलेला मला सापडला नाही. कोर्टाने तो केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाकडे तपासायला सोपवला. गोव्याचे तेव्हाचे आयटी मंत्री रोहन खंवटे पबजीला घराघरातला राक्षस म्हणाले. राजकोटच्या पोलिसांनी तर मार्चमध्ये जमावबंदीच्या कलम १४४ खाली पबजी बंद केला, आणि खेळताना सापडलेल्या दहा जणांना पकडलं. काही कॉलेजची मुलं होती. जमावबंदी, फोनवर एकट्याने खेळणाऱ्याला!

आपल्याकडच्या बातम्या जास्त काळ्या होत्या. मार्चमध्ये हिंगोलीत रेल्वेरुळांजवळ पबजी खेळत बसलेले दोन तरुण गाडीखाली गेले. जूनमध्ये, आपल्या ठाणे जिल्ह्यातच, भिवंडीत एका पंधरा वर्षांच्या मुलावर मोठ्या भावाच्या खुनाचा आरोप आला. भाऊ पबजीवरून रागावला होता, असं पोलिसांच्या हवाल्याने छापून आलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती बातमी इतक्या वेळा फिरली की ताईने तेव्हा अगदी लहान असलेल्या लेकासाठी नियम ठरवून टाकले होते.

पण या दोन घटना शेजारी ठेवून बघा. हिंगोलीत पडद्यावरच्या बंदुकीने काही केलं नाही, लक्ष नव्हतं म्हणून जीव गेले. भिवंडीतलं भांडण फोन आणि वेळेवरून पेटलेलं. आपण 'हिंसक गेम' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा म्हणायचं असतं 'न सुटणारा गेम'. हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं की अशा गेमचा ओरडणं, ढकलणं असल्या आक्रमकपणाशी थोडासा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर त्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. दुसऱ्याचा पुरावा ताईच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलेला असतो.

शेवटी पबजी गेला. २ सप्टेंबर २०२०, आयटी कायद्याचं कलम ६९अ, एकूण ११८ अ‍ॅप. कारण? देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, डेटा. गलवाननंतरचे दिवस होते ते, चीनचा प्रश्न होता. याचिकेतला मुलगा, राजकोटची पोरं, भिवंडी, यातलं काही त्या आदेशात नव्हतं. आणि म्हणूनच, ताई, तो परत आला. कारण डेटाचं असेल तर डेटाची व्यवस्था बदलली की झालं. क्राफ्टन या कोरियन कंपनीने जुलै २०२१ मध्ये भारतासाठी वेगळा बीजीएमआय आणला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून उतरवला गेला, पुन्हा ६९अच, आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला होता, तोही त्याच वाटेने.

मजा म्हणजे हिंसेबद्दल थोडंफार केलं ते कंपनीने, आपणहून. बीजीएमआयमध्ये रक्त लाल नाही, हिरवं वगैरे दिसतं. 'किल' शब्दाऐवजी 'फिनिश'. अठराखाली तीन तास. कोणत्याही कायद्याने हे मागितलं नव्हतं, त्यामुळे नीट पाळलं जातंय का हे बघणाराही कुणी नाही. प्ले स्टोअरवर गेमखाली वयाचा आकडा दिसतो ना, तोही २०१५ पासून एका प्रश्नावलीतून येतो, जी गेम बनवणारा स्वतःच भरतो.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अखेर ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. मी रात्री जागून तो वाचला. पैसे लावून खेळायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन. गाभा पुन्हा पैसा. मुस्तफाच्या पार्लरबाहेरचा तोच पडदा, आई ज्याला घाबरायची तोच प्रश्न. तो प्रश्न खोटा नाही, लोकांची घरं बुडाली आहेत. पण बारा वर्षांच्या मुलाने बंदुकीचा गेम किती आणि कुणाच्या परवानगीने खेळावा, याचं उत्तर ताईला त्यात मिळत नाही.

थोडी आशा मला एका कोरड्या कायद्यात दिसते, २०२३चा डेटा संरक्षण कायदा. त्यात अठराखालच्यांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना दीड वर्षाची मुदत आहे. म्हणजे माझा तो चार ओळींचा फॉर्म बदलावा लागणार. मी ऑफिसात आत्ताच बदलूया म्हटलं. उत्तर आलं, मुदत संपत आली की बघू, आता केलं तर साइन-अप कमी होतील. तिकीट बॅकलॉगमध्ये पडून आहे. माझं मत विचाराल तर बंदीपेक्षा मला ते तिकीट महत्त्वाचं वाटतं, पण हे मत असणारा माणूसच ते तिकीट आठ महिने सरकवू शकलेला नाही, हेही लक्षात घ्या.

ताईला मी यातलं बरंच सांगितलं. १९५६च्या कायद्याचं ऐकून ती म्हणाली, "वीस वर्षं? छान. पण पुस्तक हातात घेतो कुठे हा?" भाच्याने जन्मसाल खरं टाकायचं कबूल केलं, बदल्यात तीनचे साडेतीन तास मागितले. गेम देत नाही म्हटल्यावर म्हणाला, मग आजीच्या फोनवर अर्धा तास. वाटाघाटी चालू आहेत.

तुमच्याकडून एक हवंय. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, कुठेही, लहानपणी एखाद्या सीडीवाल्याने किंवा सायबर कॅफेवाल्याने "हा गेम तुझ्या वयाचा नाही" म्हणून तुम्हाला परत पाठवलं असेल, तर व्हॉइस नोट करून पाठवा. मी मित्रांमध्ये विचारलं, अजून एकही सापडलेला नाही.