रद्दीतला वेताळ

जुने इंद्रजाल कॉमिक्स जमवणारा माणूस गोष्ट कोणती हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘कव्हर आहे का?’ आतली सगळी पानं शाबूत आणि वरचं तेवढं गेलेलं, असा अंक हाती दिला की त्याचा चेहरा पडतो. बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो, पण या हट्टाला कारण आहे. इंद्रजालच्या आतला बहुतेक मजकूर परदेशातून आलेला होता. आपल्याकडे घडलेलं असं जे काही त्यात होतं, ते मुख्यतः त्या वरच्या पानावर.

कूळ सांगायचं तर अमेरिकेपासून सुरुवात करावी लागते. ली फॉक यांचा फँटम 17 फेब्रुवारी 1936 रोजी तिकडच्या वर्तमानपत्रांत अवतरला. त्याआधी दोन वर्षं त्यांचाच जादूगार मँड्रेक आला होता. फँटम भारतात पोचला तो ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या पानावरून, म्हणजे इंग्रजी येणाऱ्या घरांतच. मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं आणि मग तो मराठीतही बोलू लागला. पहिल्या अंकात फँटमच्या पट्ट्याची गोष्ट होती, किंमत 60 पैसे. मराठीत त्याचं नाव झालं वेताळ.

मराठी मुलांना वेताळ नवा नव्हताच. 1952 पासून मराठीत निघणाऱ्या ‘चांदोबा’त तो विक्रमाच्या खांद्यावरून प्रश्न विचारत होता. आता दुसरा वेताळ आला. हा घोड्यावर बसायचा, तोंडावर मुखवटा लावायचा, आणि त्याने ठोसा मारला की गुंडाच्या गालावर कवटी उमटायची. दोघांची गल्लत झाली असं काही ऐकिवात नाही.

संपादकांनी गोष्टींवर हात मात्र फिरवला. मूळ बेंगालाचं डेंकाली झालं, सिंग चाच्यांचे सिंगा झाले, आणि वेताळाच्या बापाच्या खुन्याचं नाव रामा होतं ते रामालू झालं. आपल्या वाचकाला खुपेल असं काही राहू नये, एवढाच त्यातला विचार. पानं मोजकी असल्याने गोष्ट बसवण्यासाठी मधली चित्रंही कापली जात. थोडक्यात, आत चालली ती कात्री. कुंचला चालला तो बाहेर.

तो कुंचला बी. गोविंद यांचा, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया यांचा. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं त्यांची, आणि मलपृष्ठावर पोस्टरसारखं पानभर चित्र. वर्तमानपत्रातली मूळ चित्रं रेषेची, चौकटीत आवळलेली. गोविंद यांचा वेताळ मात्र रंगांनी भरलेला, अंगापिंडाचा. पुढे डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला बहादूर आला. त्याची आतली चित्रंही गोविंद यांनीच काढली, आणि इंद्रजालला अस्सल देशी नायक मिळाला.

देशीपणाचा विषय निघाला की आम्हा खानदेशी माणसांना एक मोह होतो. जळगाव हे अजिंठ्याला जायचं स्टेशन. सतराव्या लेण्यात विश्वंतराची कथा भिंतीवर प्रसंगामागून प्रसंग उलगडते. मग कॉमिक्सचा जन्म आमच्याच डोंगरात झाला असं का म्हणू नये? म्हणू नये, कारण मधले दुवे नाहीत. भुसावळच्या पोराने अजिंठा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि वेताळ पाहिला तो फलाटावरच्या व्हीलरच्या स्टॉलवर. या दोन गोष्टींचा तेवढाच संबंध.

खरा दुवा रेल्वेचा. मुंबईत छापलेला कागद चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला उतरायचा. धुळ्याचा गठ्ठा चाळीसगावाहून फाट्याने किंवा आग्रा रोडने जायचा. विकत घेणारे थोडे आणि वाचणारे फार. म्हणून अंक भाड्याने फिरायचे, आणि मुखपृष्ठाचे हाल सुरू झाले ते तिथेच. भाड्याने देणारा दुकानदार वर खाकी कागद चिकटवायचा, चार-पाच अंक एकत्र दाभणाने शिवायचा, वर रबरी शिक्का मारायचा. आज रद्दीतून निघालेला अंक हातात घेतला की हे सगळं वाचता येतं: कण्यालगत दाभणाची तीन भोकं, पिनांच्या गंजाचे तपकिरी डाग, वेताळाच्या छातीवर जांभळा शिक्का आणि कोपऱ्यात पेनाने टाकलेला नंबर. काही जमवणारे असा अंक बाजूला सारतात. मला विचाराल तर तोच घ्यावा. तो अंक इकडे कसा वाचला गेला याची साक्ष त्या शिक्क्याइतकी कोणी देत नाही.

नव्याने जमवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 123 आणि 124 हे क्रमांक शोधत बसू नका. टाइम्समधल्या संपामुळे ते निघालेच नाहीत. 443 नंतर क्रमांकांची पद्धतही बदलली, वर्ष 20, अंक 1 अशी. तेव्हा संच मध्येच तुटला असं समजू नका. 1990 मध्ये प्रकाशन थांबलं तोवर 803 अंक झाले होते.

किमतीचं म्हणाल, तर अमेरिकेत 1938 चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला, आणि तिथेही भाव ठरवताना कव्हर, कणा, पिना सगळं तपासतात. आपल्याकडे तसले आकडे नाहीत, आणि नाहीत तेच बरं.

अडचण वेगळीच आहे. इंग्रजी इंद्रजाल जपणारे पुष्कळ भेटतात, मराठी अंकांना तेवढा वाली नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने जुनी दफ्तरं जपली, जळगावात व. वा. वाचनालयासारखी जुनी संस्था आहे; अशा ठिकाणी मराठी कॉमिक्सचाही एक कप्पा असायला काय हरकत आहे? तेव्हा यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी सोडून बघा. मराठी वेताळ निघाला तर त्याला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, आणि घरात ठेवायचा नसेल तर जवळच्या वाचनालयाला नेऊन द्या.