तबकडीवरील रोजकीर्द

पेढीवरच्या मुनिमाला दोन वह्या लागतात. व्यवहार घडेल तसा तो आधी रोजकीर्दीत टिपावयाचा आणि मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवावयाचा. खतावणी करताना मध्येच दिवा विझला, तरी कीर्द शाबूत असेल तर हिशेब पुन्हा मांडता येतो. कोणत्याही व्यापाऱ्याच्या मुलाला ठाऊक असलेली ही युक्ती घरोघरच्या संगणकांत रुळावयास २००१ साल उजाडावे लागले, हे नवल वाटण्याजोगे आहे.

हार्ड डिस्कच्या तबकडीला फाइल म्हणजे काय हे मुळीच कळत नाही. तिच्यापाशी असतात ते केवळ क्रमांक घातलेले लक्षावधी खण. कोणता खण कोणत्या फाइलीचा आणि कोणता रिकामा, ही नोंद ठेवणारी पद्धत म्हणजे फाइल सिस्टीम. एखाद्या फाइलीत चार ओळी वाढल्या तरी रिकाम्या खणांची यादी, फाइलीचे खाते आणि प्रत्यक्ष खण, अशा तीन ठिकाणी लेखन करावे लागते. त्यांपैकी दोन झाली आणि वीज गेली, तर एकाच खणावर दोन फाइली हक्क सांगू लागतात. फाइल सिस्टीम निवडणे म्हणजे ह्या क्षणी काय व्हावे हे आगाऊ ठरविणे होय.

प्रारंभी मात्र लक्ष वेगाकडेच होते. बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या जुन्या पद्धतीत फाइलींची खाती तबकडीच्या एका टोकाला आणि मजकूर दूर दुसरीकडे असे. नव्या तबकडीवर सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत मिळणारा वेग काही आठवड्यांच्या वापराने खण विस्कटून ३० वर येई. बर्कले येथील मॅक्युझिक, जॉय, लेफलर व फॅब्री ह्यांनी १९८४ च्या निबंधात ह्यावर तोड मांडली. खाते व मजकूर शेजारी ठेवावे, खण मोठे करावेत आणि सुमारे दशांश जागा मोकळी सोडावी. खात्यांतील फेरफार ते ठरलेल्या क्रमाने, एकेक पुरा होईपर्यंत थांबून लिहीत. तरीही वीज गेल्यावर सारी तबकडी तपासण्यावाचून गत्यंतर नसे.

मायक्रोसॉफ्टची १९७७ मधील फॅट पद्धत त्याहून कितीतरी साधी. आरंभी एक तक्ता, बस्स! तिच्या १९९६ च्या फॅट३२ ह्या अवतारात एक फाइल ४ गिगाबाइटपर्यंतही पुरती पोहोचू शकत नाही, कारण आकार लिहावयास ३२ बिटांचीच जागा आहे. पण बहुतेक प्रत्येक यंत्र ती वाचते, म्हणून पेन ड्राइव्हवर ती टिकून राहिली.

लिनक्ससाठी रेमी कार्ड ह्यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये सिद्ध केलेली एक्स्ट२ खात्यांचे लेखनही सवडीने करी. बर्कलेच्या परंपरेतील मंडळींना ही बेपर्वाई वाटे, वापरणारे वेगावर खूश होते. पुढे तबकड्या फुगत गेल्या आणि तपासणीला तासचे तास लागू लागले. तेव्हा स्टीफन ट्वीडी ह्यांनी १९९८ मध्ये तिला रोजकीर्द जोडण्याची योजना मांडली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती एक्स्ट३ ह्या नावाने लिनक्समध्ये समाविष्ट झाली. मायक्रोसॉफ्टची एनटीएफएस १९९३ पासून नोंदवही ठेवीतच होती. परंतु घरगुती वापरात ती सर्रास आली ती २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर.

एक्स्ट३ हून चपळ पद्धती तेव्हाही होत्या. तिची खरी बाजू निराळीच होती: जुनी एक्स्ट२ तबकडी मजकूर न हलविता एक्स्ट३ करता येई आणि मन बदलल्यास परतही फिरता येई. शिवाय तिच्या नेहमीच्या रीतीत माल आधी कोठारात जाई आणि खात्यातील नोंद कीर्दीत मागाहून होई. त्यामुळे नोंद आहे पण माल नाही, असा प्रसंग सहसा येत नसे.

ह्या सवयीची किंमत २००९ मध्ये कळली. एक्स्ट३ ची वारस एक्स्ट४ वेगासाठी खण नेमून देणेच लांबणीवर टाकी. मग यंत्र अचानक बंद पडल्यावर नुकत्याच जतन केलेल्या फाइली रिकाम्या निघू लागल्या. मजकूर तबकडीवर पोचल्याची खात्री प्रोग्रामानेच मागून घ्यावी, नियम तसाच आहे, असे तिचे प्रमुख थिओडोर त्सो ह्यांचे म्हणणे होते. नियमाने ते बरोबर होते. पण ज्याची फाइल गेली त्याला नियम काय कामाचा? त्सो ह्यांनी अखेर व्यवस्थेतच दुरुस्ती केली.

सन कंपनीच्या झेडएफएसने २००५ मध्ये कीर्दीवरची ही भिस्तच सोडली होती. जुन्या खणावर लिहावयाचे नाही. नवे अन्यत्र लिहून, सर्व पुरे झाल्यावरच मूळ खूण बदलावयाची आणि प्रत्येक खणाचा पडताळा-अंक ठेवावयाचा. ह्याच विचाराची बीटीआरएफएस २००९ मध्ये लिनक्समध्ये आली. रेड हॅटने आपल्या व्यावसायिक प्रणालीतून २०१९ मध्ये तिला वगळले आणि जुन्या वळणाची, कीर्द ठेवणारी एक्सएफएसच चालू ठेवली. त्याच कंपनीच्या आश्रयाखालील फेडोराने मात्र २०२० मध्ये घरगुती संगणकांसाठी बीटीआरएफएसच पसंत केली.