भांड्यावरचे नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या आजीच्या माळ्यावरचा एखादा पितळी डबा खाली काढून पाहा. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव सापडेल, लग्नाची तारीख सापडेल, कधीकधी देणाऱ्या मामाचे किंवा आत्याचेही नाव असेल. भांड्यावर नाव घालून घेण्याची ही रीत आपण हौस म्हणून विसरून गेलो. पण ही वस्तू कोणी दिली आणि कोणाला दिली, याचा तो पक्का पुरावाही होता. संसार सुरळीत चालला तर तो पुरावा कोणी वाचत नाही. संसार मोडला, की सगळे वाद तिथेच येऊन थांबतात.

हे कपाट कोणाचे, पाटल्या कोणाच्या, हे प्रश्न काही आजचे नाहीत. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रेमाने दिलेले आणि आई, बाप व भाऊ यांनी दिलेले. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि स्त्रीधनाची व्याख्या बरीच रुंद केली. सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने काशीत ‘व्यवहारमयूख’ रचला. मुंबई इलाख्यातील न्यायालये या ग्रंथाला फार मान देत.

मात्र शास्त्राने नवऱ्याला एक पळवाटही ठेवली होती. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा संकटात त्याने बायकोचे स्त्रीधन वापरले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

घटस्फोट आपल्याकडे कायद्याच्या आधीपासून होता. काडीमोड आणि सोडचिठ्ठी हे शब्दच त्याची साक्ष देतात. अनेक जातींत रूढीने फारकत होत असे. कायद्याने तो हक्क बडोदे संस्थानात 1931 साली आणि मुंबई प्रांतात 1947 साली आला. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याच्या कलम 27 मध्ये एक छोटी तरतूद आहे. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंबद्दल न्यायालयाने हुकूमनाम्यातच योग्य तो आदेश द्यावा. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ सैल केला. लग्नाशी संबंध असेल, तर आधी किंवा नंतर दिलेली वस्तूही त्यात येते, असे सांगितले.

पण जे सामाईक नाही, फक्त तिचेच आहे, त्याचे काय? या प्रश्नावर मोठी लढाई झाली. सून उंबरठा ओलांडून आत आली, की तिचे दागिने आणि भांडी नवराबायकोच्या सामाईक ताब्यात जातात, मग विश्वासघाताचा गुन्हा कसा होईल, असे पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. मार्च 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन विरुद्ध एक अशा बहुमताने खोडून काढले. बहुमताचे निकालपत्र न्या. फझल अली यांचे. वस्तू सासरच्या कपाटात राहिली म्हणून मालकी बदलत नाही. ती ठेव आहे, आणि मागितल्यावर दिली नाही तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो.

त्याच वर्षी, 2 ऑक्टोबरपासून, हुंडाबंदी कायद्याखाली एक नियम लागू झाला. वधूने आपल्या आणि वराने आपल्या भेटींची यादी लेखी ठेवायची. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून दोघांनी सह्या करायच्या. म्हणजे भांड्यावरचे नावच कागदावर आले! लग्न ठरताना आपण हौसेने ‘यादी’ करतो, पण मानपानाची. भेटींची यादी मात्र अशुभ वाटते. आणि मग फारकतीच्या वेळी आठवणींची उलटतपासणी सुरू होते. मिक्सर मावशीने दिला की नवऱ्याने घेतला, हे बारा वर्षांनी कोण सांगणार?

1984 च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयांना नवराबायकोच्या मालमत्तेचे वादही ऐकता येतात. तरीही न्यायाधीशासमोर पावती, फोटो, यादी यांपैकी काहीतरी लागतेच.

आता याज्ञवल्क्याकडे परत येऊ. एप्रिल 2024 मध्ये केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नवऱ्याने अडचणीच्या काळात स्त्रीधन वापरले, तरी ते किंवा त्याची किंमत परत करणे त्याचे नैतिक कर्तव्य आहे. आणि गेलेल्या सोन्याबद्दल पत्नीला 25 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. शास्त्रातली ती जुनी पळवाट अशी बंद झाली.

घर मोडताना माणसे भांड्यांसाठी भांडतात, याला आपण क्षुद्रपणा म्हणतो. पण हात रिकामे ठेवून बाहेर पडणाऱ्या बाईला तो डबा नुसता डबा नसतो. त्यावर तिच्या आईने घालून घेतलेले नाव असते. ते वाचण्याची सवय न्यायालयांना लागली. आपल्याला लागायला हवी.